हरल्यानंतरचा सामना

लहानपणी आमच्या हसनाबादेत टेनिस म्हणजे नुसता चेंडू. हिरवट-पिवळा, लव असलेला, पहिले चार दिवस हाताला मऊ लागणारा आणि मग झिजून गुळगुळीत होणारा. वर्गणी काढून तो आणायचा आणि त्यानं क्रिकेट खेळायचं. या चेंडूचा स्वतःचा एक खेळ असतो, त्याला जाळी लागते, पांढऱ्या रेषांची चौकट लागते, हे भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावात कुणी सांगितलेलं नव्हतं. टेनिसची रॅकेट मी आजपर्यंत सामन्यात धरलेली नाही. तरीही मायबापांनंतर माझ्यावर कुणाचं ऋण आहे, असं विचारलं तर मी दोन माणसांकडे बोट दाखवतो. एक आमच्या गल्लीतले कंपाउंडर चाचा. दुसरा लिअँडर पेस. एकानं दुसऱ्याला कधी पाहिलं नाही. त्या दोघांची गाठ माझ्या आयुष्यात एका जुन्या ट्रान्झिस्टरनं घालून दिली.

चाचांचं नाव इथे लिहीत नाही. गावालाही ते फारसं माहीत नव्हतं. सरकारी दवाखान्यात सारी नोकरी झाली, निवृत्तीनंतर त्यांनी गावातच राहायचं ठरवलं, आणि तेव्हापासून लहानथोर सगळ्यांचे ते कंपाउंडर चाचा. तरुणपणी कामाच्या शोधात ते काही वर्षं हैदराबादला होते. तिथल्या एका साहेब लोकांच्या क्लबात संध्याकाळी टेनिसचे चेंडू वेचून देण्याचं काम त्यांनी केलं होतं. चेंडू वेचता वेचता त्यांनी खेळ वेचला. अख्ख्या गावात टेनिस कळणारा तो एकच माणूस होता आणि ते कळतं हे सांगायला त्यांना कुणी भेटत नव्हतं.

१९९६ च्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. माझे दोन विषय गेले, गणित आणि इंग्रजी. शाळेतून गुणपत्रिका घेऊन घरी आलो. मायनं ती हातात घेतली, उलटसुलट केली. तिला वाचता येत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे पाहून तिला सगळं कळलं. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला हाक मारली नाही, एकटेच वावरात गेले. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला त्या पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या वाटलं.

त्या वर्षी अधिक आषाढ आला होता. पावसाळा लांबलचक वाटत होता. बरोबरीची पोरं भोकरदनला, जालन्याला कॉलेजात नावं घालायला जात होती. मी कपाशीला खुरपत होतो. एसटीच्या थांब्यावरून जायचं टाळायचो, कारण तिथं कुणीतरी हमखास विचारायचं, ‘मग, आता काय?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळा संपली, असं मी मनात धरून टाकलं होतं. अण्णांनी बोलून दाखवलं नाही, पण मला वाटतं, त्यांनीही तेच धरलं होतं.

एका संध्याकाळी चाचांनी ओट्यावरून हाक दिली. ‘बेटा, जरा बैठ. ये स्टेशन लगा दे.’ त्यांना हल्ली बारीक दिसायचं नाही. ट्रान्झिस्टरचा काटा सरकवून स्टेशन लावून द्यायचं, हे माझं काम झालं. अमेरिकेत अटलांटाला ऑलिंपिक चाललं होतं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. बातम्यांत एक नाव परत परत यायला लागलं आणि ते आलं की चाचा सरसावून बसायचे.

लिअँडर पेस तेव्हा तेवीस वर्षांचा होता. जागतिक क्रमवारीत त्याचा नंबर १२६. त्याला वाइल्ड कार्डावर प्रवेश मिळाला होता. वाइल्ड कार्ड म्हणजे काय, हे चाचांनी मला समजावलं ते असं : लग्नाच्या पंगतीत आधी मानाची पानं बसतात, मग यजमान एखाद्याला हाताला धरून म्हणतो, तूही बस. बसायला मिळालं, पण वाढून घ्यायची हिंमत आपली आपल्याला करावी लागते.

पहिल्याच फेरीत त्याच्यासमोर अमेरिकेचाच रिची रेनेबर्ग आला. एकेक सेट झाल्यावर तिसऱ्याच्या सुरुवातीला रेनेबर्गनं सामना सोडला. मग व्हेनेझुएलाचा निकोलस परेरा. मग स्वीडनचा थॉमस एन्क्विस्ट, मानांकित, नाव कमावलेला. त्याला पेसनं ७-५, ७-६ असं सरळ दोन सेटमध्ये हरवलं. त्या दिवशी चाचांनी चुलीतली राख घेतली आणि अंगणात टेनिसचं कोर्ट आखून दाखवलं. मध्ये जाळी म्हणून चपलांची रांग. ‘ये सर्व्हिस लाइन. इदर से मारना, उदर के चौकोन में गिरना.’ पंधरा, तीस, चाळीस असे गुण का मोजतात हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण चाळीस-चाळीस झाल्यावर दोन गुण लागोपाठ घ्यावे लागतात, एकानं भागत नाही, हे त्यांनी मला तिथेच शिकवलं. उपांत्यपूर्व फेरीत इटलीचा रेन्झो फुर्लान ६-१, ७-५ असा गेला, आणि गल्लीतली आणखी दोन-चार माणसं ओट्यावर येऊन बसायला लागली.

उपांत्य फेरीत समोर आंद्रे आगासी होता. विम्बल्डन, अमेरिकन ओपन, ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलेला, आणि खेळ त्याच्याच देशात. पहिला सेट टायब्रेकपर्यंत गेला, तिथं पाच-सात असा सुटला. दुसरा ३-६. पेस हरला. बातमी संपल्यावर ओट्यावरची माणसं एकेक करून उठली. मीही उठलो. मला वाटलं, संपलं. चाचा म्हणाले, ‘बैठ. अभी एक बाकी है.’

ही गोष्ट मला फार उशिरा नीट कळली, आणि ती सांगण्यासाठीच हा लेख मी लिहायला घेतला आहे. टेनिस हा मोठा निष्ठुर खेळ आहे. एरवी वर्षभर ज्या स्पर्धा चालतात त्यांत हरणारा त्याच दिवशी पिशवी उचलतो आणि पुढच्या गावाला जातो. तिसऱ्या जागेसाठी सामना नसतो. याआधीच्या दोन ऑलिंपिकमध्ये, १९८८ ला सोलमध्ये आणि १९९२ ला बार्सिलोनात, उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्यपदक दिलं गेलं होतं. अटलांटात मात्र पदक एकच ठेवलं. हरलेल्या दोघांनी पुन्हा कोर्टावर यायचं आणि ते खेळून मिळवायचं.

म्हणजे ज्याचं सोन्याचं स्वप्न नुकतंच मोडलंय, त्यानं तोंड धुऊन, बूट बांधून परत उभं राहायचं. पेसचं तर मनगटही आगासीविरुद्ध खेळताना दुखावलं होतं. आणि ते उजवं मनगट, रॅकेट धरायचं.

३ ऑगस्ट १९९६, शनिवार. समोर ब्राझीलचा फर्नांदो मेलिजेनी. पहिला सेट पेसनं ३-६ असा गमावला. दोन सामन्यांत मिळून लागोपाठ तिसरा सेट गेला, मनगटाला पट्टी, अंगावर अटलांटाचं ऊन. त्यानंतरचे दोन सेट त्यानं ६-२, ६-४ असे घेतले. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली होती. आम्हाला कळलं ते रविवारी सकाळी, बातम्यांत. बातमी अर्ध्या मिनिटाची असेल. चाचांनी ट्रान्झिस्टर बंद केला, तो मांडीवर ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘बेटा, टेनिस में जो हारा, वो घर कू जाता. ये लडका घर कू नै गया.’

मी मान खाली घातली. ते वाक्य लिअँडर पेसबद्दल नव्हतं, हे मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी चाचा आमच्या घरी आले. अण्णा औताची दुरुस्ती करत होते. चाचा त्यांना म्हणाले, ‘ऑक्टोबरात परीक्षा आहे. पोराला दोन महिने मला द्या. सकाळी तुमचं वावर, दुपारनंतर माझा ओटा.’ अण्णा म्हणाले, ‘चाचा, त्येच्यानं व्हईल का?’ चाचा म्हणाले, ‘नै हुआ तो नै हुआ. खेलेगा तो सही.’ परीक्षेच्या अर्जाचे पैसे त्यांनी भरले. अण्णा देऊ लागले तेव्हा म्हणाले, कापूस विकल्यावर द्या. कापूस विकला गेला, पैसे दुसरीकडे गेले. ते द्यायचे राहिले ते राहिलेच.

चाचा शिक्षक नव्हते. पण आयुष्यभर त्यांनी औषधं तोलून, मोजून, मिसळून दिली होती. जुन्या काळी मिक्श्चरच्या बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून देत, एका खुणेपर्यंत एक डोस. तशी एक रिकामी बाटली त्यांनी कुठूनशी काढली, तिच्यात पाणी भरलं आणि मला अपूर्णांक शिकवले. आठ डोसांतले तीन संपले, किती उरलं? पाच जणांना अमुक पुरतं, तर बारा जणांना किती लागेल? गुणोत्तर आणि प्रमाण माझ्या डोक्यात शिरलं ते त्या बाटलीतून. इंग्रजीसाठी त्यांच्याकडे औषधांच्या खोक्यांतली माहितीपत्रकं होती. त्यातले शब्द आम्ही एकेक करून सोडवायचो. चुकलं की ते चिडायचे नाहीत. बोटानं हवेत रॅकेट मारल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, ‘दुसरी सर्व्हिस.’ टेनिसमध्ये पहिली सर्व्हिस चुकली तर दुसरी मिळते, हा नियम ज्यानं केला तो माणूस कोण होता कोण जाणे, पण त्याचंही मी देणं लागतो.

ऑक्टोबरला बसलो. गणितात ४७ आणि इंग्रजीत ४१ मिळाले. पेढे वाटण्याइतका तो आकडा नव्हता. चाचांनी गुणपत्रिका डोळ्यांजवळ धरून वाचली, परत केली आणि ट्रान्झिस्टर लावायला सांगितला. पुढे मी बारावी झालो, डी.एड. झालो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक लागलो. अण्णांनी नोकरीच्या पहिल्या दिवशी राजूरच्या गणपतीला नारळ फोडला. मी त्या नारळाची अर्धी वाटी चाचांच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

शिक्षक झाल्यावर मी लिअँडर पेसबद्दल मिळेल ते वाचायला लागलो. ज्याचं देणं आहे त्याचं घरदार तरी माहीत असावं, या भावनेनं. तेव्हा एकेक गोष्ट उलगडत गेली. तो वाढला कलकत्त्यात, पण घराणं मूळचं गोव्याचं. वडील डॉ. वेस पेस हॉकीपटू, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या भारतीय संघातले. त्या संघाचं काय झालं होतं? उपांत्य फेरीत पाकिस्तानकडून ०-२ अशी हार. आणि मग कांस्यपदकाच्या सामन्यात हॉलंडवर २-१ असा विजय. ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला. हरल्यानंतरचा सामना त्या घरात आधीच खेळला गेला होता. ते पदक त्या घरात होतं आणि म्युनिकच्या पुढच्या वर्षी, १७ जून १९७३ ला, लिअँडर जन्मला. आई जेनिफर भारताच्या बास्केटबॉल संघाची कर्णधार. बाराव्या वर्षी पोरानं घर सोडलं आणि मद्रासच्या अमृतराज अकादमीत जाऊन राहिला. सतराव्या वर्षी, १९९० मध्ये, विम्बल्डनचं मुलांचं अजिंक्यपद जिंकलं.

आणि दुसरी गोष्ट आपल्या मातीतली. पेसच्या आधी स्वतंत्र भारताला वैयक्तिक पदक मिळवून देणारा एकच माणूस होता, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान खाशाबा जाधव. हेलसिंकी, १९५२. मधे ४४ वर्षं कोरडी गेली. खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला गावानं वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. वर्गात हे सांगताना मी दरवर्षी थांबतो. पदकावर एकाचं नाव कोरलं जातं, पण त्याच्यामागे कुणाचं तरी घर गहाण पडलेलं असतं. माझ्या ४७ गुणांमागे चाचांचा ओटा होता.

पदकांचं एक कोडं मी पोरांना घालतो. सोन्याचं पदक जिंकून मिळतं. रुप्याचं पदक हरून मिळतं, कारण अंतिम सामना हरल्यावरच ते गळ्यात पडतं. आणि टेनिसमधलं, हॉकीतलं हे कांस्यपदक? ते आधी हरून, मग जिंकून मिळतं. तिन्हींत किंमत त्याची सगळ्यांत कमी लावतात. मला विचाराल तर शेतकऱ्याच्या पोराला कामी येणारं पदक तेच.

पेसची पुढची कारकीर्द अवघ्या जगानं पाहिली. एकेरीत त्याला फार वर जाता आलं नाही. पण देशासाठी खेळताना तो वेगळाच व्हायचा. १९९३ मध्ये डेव्हिस करंडकात फ्रान्सच्या मातीवर, फ्रेजूसला, त्यानं आर्नो बोएच आणि आँरी लकोंत या दोघांनाही हरवलं आणि भारत उपांत्य फेरीत गेला. १९९५ मध्ये दिल्लीत गोरान इव्हानिसेविचविरुद्ध दोन सेट मागे पडून त्यानं सामना काढला. त्याचं खरं घर मात्र दुहेरीत होतं. १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये त्यानं दुहेरीचं सुवर्ण जिंकलं ते गौरव नाटेकरच्या जोडीनं. हा गौरव म्हणजे सांगलीच्या नंदू नाटेकरांचा मुलगा, ज्या नंदूंनी १९५६ मध्ये बॅडमिंटनचं आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद भारतात पहिल्यांदा आणलं. महेश भूपतीबरोबर १९९९ साली तर पेस चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पोचला, त्यातल्या फ्रेंच आणि विम्बल्डन या दोन जिंकल्या. हाच भूपती १९९२ मध्ये विम्बल्डनच्या मुलांच्या दुहेरीत अंतिम फेरीला गेला होता तो पुण्याच्या नितीन कीर्तनेबरोबर. पुरुष दुहेरीची आठ आणि मिश्र दुहेरीची दहा, अशी अठरा ग्रँड स्लॅम विजेतेपदं पेसच्या नावावर आहेत. मार्टिना नवरातिलोवा, मार्टिना हिंगिस यांच्यासारख्या थोर खेळाडू त्याच्या जोडीदार होत्या. शंभराहून अधिक जणांबरोबर तो कोर्टावर उतरला. दुहेरीत एक गुण घ्यायचा तर एकजण सर्व्हिस करतो आणि दुसरा जाळीशी वाकून उभा राहतो. गुण मिळाला की दोघं एकमेकांच्या हातावर हात मारतात, चुकला तरी मारतात. तिथं कुणी कुणाचं देणं मोजत बसत नाही.

२००३ मध्ये त्याच्या मेंदूत गाठ असल्याची शंका आली. नवरातिलोवाबरोबर विम्बल्डन जिंकून तेव्हा काही आठवडेच झाले होते. पुढे तो कर्करोग नसून जंतूचा संसर्ग असल्याचं निघालं. बरा होऊन तो परत आला आणि २००४ ला अथेन्सला गेला. तिथं पेस आणि भूपती पुन्हा तिथंच येऊन ठेपले : उपांत्य फेरीत हार, आणि मग कांस्यपदकाचा सामना. समोर क्रोएशियाचे आंचिच आणि लुबिचिच. तिसरा सेट लांबत लांबत १६-१४ पर्यंत गेला. या वेळी पेस हरला.

अटलांटाची गोष्ट सांगणारे पुष्कळ भेटतात, अथेन्सची गोष्ट सांगणारे कमी. मला ती सांगितली पाहिजे, कारण त्याच काळात आम्ही कर्ज काढून वावरात विहीर खोदली होती. दोन वर्षं पावसानं दगा दिलेला. साठ फुटांवर कातळ लागला, पाणी लागलं नाही. अण्णांनी जिद्दीनं बाजूला बोअर घेतला. त्यातून धुराळा निघाला. मी त्या रात्री चाचांच्या ओट्यावर जाऊन बसलो. म्हणालो, तुम्ही म्हणाला होता हरल्यावर एक सामना असतो. तोही हरलो. चाचा तोवर पार थकले होते. त्यांनी अथेन्सची बातमी ऐकलेली होती. म्हणाले, ‘सोळा-चौदा. मालूम है? चौदा भी लिखा जाता.’ घरी आलो तर अण्णा जागेच होते. अंधारात म्हणाले, ‘पाणी नाय लागलं. पर आपून कसर ठिवली नाय.’ ते कर्ज मी पगारातून सहा वर्षं फेडलं. पण त्या रात्री मला झोप लागली, ती त्या दोन म्हाताऱ्यांमुळे.

चाचा त्यानंतर दीड वर्षानं गेले. मातीला सगळा गाव होता. ट्रान्झिस्टर त्यांच्या मुलानं मला दिला. तो आता वाजत नाही, पण काटा ज्या ठिकाणी होता तिथंच मी ठेवला आहे.

लिअँडर पेसला मी डोळ्यांनी पाहिलं ते २०१७ मध्ये. फेब्रुवारीत पुण्याला बालेवाडीत भारत आणि न्यूझीलंड यांच्यात डेव्हिस करंडकाची लढत होती. डेव्हिस करंडकात दुहेरीचे ४२ सामने जिंकून तो इटलीच्या निकोला पिएत्रांजेलीच्या बरोबरीला आला होता. आणखी एक जिंकला की विक्रम त्याचा एकट्याचा. मी शाळेतून रजा काढली, रात्रीच्या गाडीनं जालन्याहून निघालो आणि शनिवारी ४ फेब्रुवारीला तिकीट काढून आत जाऊन बसलो. आयुष्यात पहिल्यांदा खरं टेनिस कोर्ट पाहिलं. चाचांनी राखेनं आखलेलं कोर्ट आणि हे कोर्ट, रेषा तंतोतंत त्याच होत्या.

त्रेचाळीस वर्षांचा माणूस विष्णुवर्धन या तरुण जोडीदाराबरोबर पाच सेट खेळला. जोडीदाराचा फटका जाळीत गेला की हा पुढे जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवायचा. समोर आर्टेम सिटाक आणि मायकल व्हीनस. पाचव्या सेटमध्ये पेस हरला. विक्रम हुकला. प्रेक्षकांत हळहळ पसरली. शेजारचा माणूस म्हणाला, आता वय झालं, संपलं. मी काही बोललो नाही. हे वाक्य मी १९९६ साली ओट्यावरून उठताना मनात म्हटलेलं होतं, आणि त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. अभी एक बाकी है.

एप्रिल २०१८, चीनमधलं तिआनजिन. पहिल्या दिवशीचे दोन्ही सामने हरून भारत ०-२ मागे. दुहेरीत पेस रोहन बोपण्णाबरोबर उतरला. पहिला सेट गेला. पुढचे दोन टायब्रेकवर घेतले. तो त्याचा ४३ वा विजय, डेव्हिस करंडकाच्या इतिहासातला विक्रम. त्या जोरावर भारतानं ती लढत ३-२ अशी काढली. बातमी मी शाळेच्या व्हरांड्यात मोबाइलवर वाचली आणि उठून उगीचच मैदानाला एक फेरी मारली. पुढे तो आकडा त्यानं ४५ वर नेऊन ठेवला. २०२४ च्या जुलैत अमेरिकेतल्या न्यूपोर्टला टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं आणि विजय अमृतराज यांचं नाव लागलं. तो मान मिळालेले हे आशियातले पहिले पुरुष खेळाडू. पेसनं एटीपीचं एकेरीचं विजेतेपद आयुष्यात एकदाच जिंकलं, १९९८ मध्ये, तेही याच न्यूपोर्टला.

त्याला मी कधी पत्र लिहिलं नाही. बालेवाडीत सही घ्यायला पोरांनी गर्दी केली तेव्हा मी लांब उभा राहिलो. काय सांगणार होतो? अटलांटात त्यानं जो सामना खेळला, तो हसनाबादच्या एका ओट्यापर्यंत पोचला आणि एक पोरगा घरी बसायचा वाचला, हे त्याला कळलं काय, न कळलं काय, माझं देणं तेवढंच राहतं. अशी देणी ज्याची त्याला फिटत नाहीत. ती पुढच्याला द्यावी लागतात.

आता दहावीची फेरपरीक्षा ऑक्टोबरपर्यंत थांबत नाही, निकालानंतर लवकरच होते. निकालाच्या दिवशी गावात पेढे फिरतात, फटाके वाजतात. पेढ्यांच्या घरी मी दुसऱ्या दिवशी जातो. पहिल्या संध्याकाळी मी ज्या घरातला दिवा लवकर मालवलाय त्या घरी जातो, पोराला किंवा पोरीला हाक मारतो आणि ओट्यावर बसवतो. तुमच्याही गल्लीत असं एखादं घर असेल. तिथं उपदेश करायला जाऊ नका. नुसतं जाऊन बसा, आणि अर्जाची शेवटची तारीख तेवढी सांगा.

चाचांचे अर्जाचे पैसे माझ्याकडून द्यायचे राहिले आहेत. दरवर्षी ते मी थोडे थोडे फेडतो. यंदा आमच्या गावातल्या दोन मुलांचे आणि एका मुलीचे फेरपरीक्षेचे अर्ज भरले.